बर्फावरच्या पांढऱ्या

शाल्मली बोरस्ते त्या दिवशी पडली नाही, आणि तरीही बर्फभर तीच पडलेली होती.

झालं असं, की परागनं तिला कमरेला धरून पुढे भिरकावलं, तिनं हवेत तीन गिरक्या घेतल्या आणि मागच्या मागे एका पायावर अशी काही अलगद उतरली, की बघणाऱ्यांनी श्वास सोडायचाच विसरावा. हात पसरलेले, मान ताठ, ओठांवर हसू. आणि त्याच क्षणी तिच्या पायाखालचा निळा बर्फ उजळला. आधी एक, मग चार-पाच, मग धड मोजताही येईनात इतक्या पांढऱ्या मुली तिच्या भोवती उमटल्या. कोणी कुशीवर, कोणी पालथी, कोणी गुडघा पोटाशी धरून. सगळ्यांचा बांधा तिचाच. सगळ्यांच्या अंबाड्यातून सुटलेली बटही तिचीच.

"बाप रे, केवढ्या पांढऱ्या!" प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. उभ्या असलेल्या मुलीसाठी की पडलेल्यांसाठी, हा प्रश्न शाल्मलीला तेव्हा सुचलाही नाही. फलकावर त्यांचं नाव सगळ्यांत वर चढलं होतं ना! ती परागच्या गळ्यात पडली, परागनं डावा हात उंचावून लोकांना दाखवला, आणि त्यांच्या प्रशिक्षक वृंदाताई कठड्यापलीकडे टॅब छातीशी धरून लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या.

आई तेवढी बसून होती. तिनं डोळ्यांवर ओढणी धरली होती.

हे सगळं घडत होतं नाशिकजवळच्या, ओझरच्या अलीकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये. हसू नका. द्राक्षं ठेवायला बांधलेला तो मैदानाएवढा थंडगार हॉल मालकानं मोकळा केला, जमिनीला निळा रंग देऊन वर बर्फ धरला, आणि कॉलनीच्या डांबरी रस्त्यांवर चाकांचे स्केट घालून कुत्र्यांना घाबरवणारी सगळी पोरं तिथे लोटली. अजूनही दमट दिवसांत भिंतींना द्राक्षांचा आंबूस वास यायचा. वृंदाताई स्वतः चाकांवरच्या खेळाडू. बर्फ त्या पडून पडून शिकल्या आणि मग त्यांनी एका गल्लीतली दोन पोरं जोडीसाठी निवडली. एक नऊ वर्षांची, कोणी नाव विचारलं तरी आईच्या मागे लपणारी शाल्मली. दुसरा अकरा वर्षांचा पराग दातीर, ज्याला गप्प बसवण्यासाठी शाळेत वेगळा बाक होता.

पहिल्याच दिवशी ताईंनी नियम घातला. "पराग, ती हं म्हणाल्याशिवाय तिला उचलायचं नाही. तुझे हात कितीही तयार असू देत. कळलं?"

"आणि ती हं म्हणालीच नाही तर?"

"तर उचलायचं नाही. त्यात काय कळण्यासारखं नाहीये?"

तेव्हापासून प्रत्येक लिफ्टच्या, म्हणजे डोक्यावर उचलण्याच्या आधी, आणि प्रत्येक थ्रोच्या, म्हणजे भिरकावण्याच्या आधी पराग तिच्या कानाशी विचारायचा, "हं?" आणि ती म्हणायची, "हं." संगीताच्या आवाजात ते इतर कोणाला ऐकू जायचं नाही. पुढे ते त्यांच्या अंगवळणीच पडलं. तिच्या डब्यातली भाकरवडी उचलतानाही तो "हं?" विचारायचा, आणि ती "हं" म्हणायच्या आत खाऊन टाकायचा. तेवढा एक गुन्हा त्याला माफ होता.

मग 'संभव' आलं, गुण देणारं यंत्र.

त्याआधी गुण देण्याची रीत साधी होती. प्रत्येक उडीला ठरलेली किंमत. परीक्षक त्यात थोडं वर-खाली करायचे, आणि मग पालकांची भांडणं. त्यांच्या मुलीला जास्त का, आमचीला कमी का. शिवाय एकच उडी कोणी जीव मुठीत धरून मारो, कोणी झोपेत मारो, किंमत तीच. धाडसाला मोल नाही, अशी ओरड व्हायला लागली. म्हणून कठड्यात कॅमेरे बसले, बुटांच्या पात्यांत दाब मोजणारे कण बसले, आणि खेळाडूंच्या खांद्यांवर-मांड्यांवर चिकटपट्टीसारख्या पातळ पट्ट्या आल्या. स्नायू हलण्याच्या किंचित आधी त्यात विजेची एक बारीक लहर येते. ती लहर वाचता आली, की शरीर आता काय करणार याचा अंदाज बांधता येतो.

आणि संभव एकच अंदाज बांधत नसे. मुलगी हातातून सुटत असतानाच ते हजारो भविष्यं करून बघायचं. बोट जरासं घसरलं तर? बर्फ तिथे खरबरीत निघाला तर? श्वास अर्धाच राहिला तर? यांतल्या जितक्या भविष्यांत ती पडते, तितकी तिची जोखीम मोठी. जोखीम मोठी आणि तरीही ती उतरली, तर गुण दुप्पट, तिप्पट, विचारू नका.

पण आकड्यांना कोण टाळ्या वाजवणार? म्हणून बर्फाच्या थराखाली दिव्यांचा पातळ पडदा घातला. ज्या भविष्यात मुलगी पडली असती, त्या भविष्यातली तिची आकृती, जिथे पडली असती तिथेच. पडणं किती जोराचं हेही कळायला हवं, म्हणून तिला उठायला किती वेळ लागेल याचा हिशोबही संभव करायचं. तोवर ती तिथे दिसत राहायची. उठली, की पुसली जायची. नुसता गुडघा खरचटलेल्या चटकन पुसल्या जात. काही जरा रेंगाळत. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं पांढऱ्या, आणि गुण विचारायची रीतच बदलली. "किती पांढऱ्या तुझ्या?"

पहिल्या वर्षी शाल्मली-परागची पार फजिती झाली. इतका सुरेख थ्रो करायचे, आणि उतरल्यावर बर्फावर जेमतेम तीन-चार पांढऱ्या. त्याही जरा टेकल्यासारखं करून उठून जायच्या! दोघांचा एकमेकांवर भरवसाच असा, की संभवला त्यात जोखीम सापडेना. शेवटून पहिला नंबर. पुण्याची एक मुलगी कपडे बदलताना म्हणाली, "तुमचं बघताना किती शांत वाटतं गं! डोळाच लागला माझा." शाल्मली घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली.

आणि या उन्हाळ्यापासून काय जादू झाली कोणास ठाऊक, पांढऱ्या वाढायला लागल्या. दर स्पर्धेला जास्त. शाल्मलीला वाटलं, आपण धीट झालो! होत्याच खुणा तशा. वर्गात आता ती हात वर करून शंका विचारायची, एकदा तर चक्क भूगोलाच्या सरांची चूक काढली तिनं. ओझरच्या चौकात तिचा आणि परागचा फ्लेक्स लागला, त्यात दोघांचे गाल कोणी इतके गुलाबी केले होते की आई म्हणाली, "माझ्या पार्लरमध्ये असं केलं तर गिऱ्हाईक मारेल मला." आता निवड स्पर्धेत पहिले आले, की थेट जपान. शाल्मलीनं स्वेटरसुद्धा बघून ठेवला होता.

निवडीच्या आदल्या आठवड्यात, शाळेच्या आधीच्या सरावाला तिनं थ्रो उतरवला आणि सहज मागे वळून बघितलं. नेहमी ती पांढऱ्यांकडे बघत नसे. स्वतःकडेच किती बघायचं? पण त्या दिवशी काहीतरी खटकलं.

पूर्वी तिच्या पांढऱ्या सांडलेल्या तिळासारख्या कशाही पसरायच्या. आता सगळ्या एकाच बाजूला होत्या. डावीकडे, एकीवर एक, जणू कोणी एकाच दिशेनं ढकलून दिलेल्या.

"ताई," ती कठड्याशी जाऊन म्हणाली, "परागची आकृती पण दाखवता येते ना? दोघांची एकदम?"

"कशाला गं? चल, परत करू."

"दाखवा ना. एकदाच."

वृंदाताईंनी परागकडे बघितलं. पराग बुटाची लेस बघत होता. ताईंनी टॅबवर बोट फिरवलं.

बर्फावर पांढरे पराग उमटले. प्रत्येक पडलेल्या मुलीच्या मागे एक. आणि प्रत्येकाचा उजवा हात उघडा होता. बोटं पसरलेली, वेळेच्या आधीच. मुलगी अजून त्याच्या हातात असायला हवी तेव्हा त्यानं ती सोडलेली होती. सगळ्यांनी. एकजात सगळ्यांनी.

ताईंनी झटकन ते बंद केलं. "मशीन आहे गं ते. काहीही दाखवतं."

शाल्मली परागच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. स्नायूंतली लहर वाचतं ना हे? म्हणजे परागच्या हातालाच तिला सोडायचं होतं? त्याला दुसरी जोडीदार हवी होती का? तिनं काही केलं होतं का? पुढच्या थ्रोला "हं" म्हणताना पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. ती उतरली खरी. पण पांढऱ्या आधीपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. तिची भीतीही संभवनं मोजली होती आणि तिचेही गुण दिले होते.

सराव संपल्यावर दोघं नेहमीसारखी रस्त्यापलीकडे मिसळ खायला गेली. शाल्मली मुकाट्यानं पापड मोडत होती. समोर परागनं फरसाण कालवलं, पाव उचलला, रश्शात बुडवला. डाव्या हातानं.

तिनं बघितलं. पुन्हा बघितलं. परागच्या घरी डाव्या हातानं जेवणाऱ्याला त्याच्या आईनं पानावरून उठवलं असतं.

"हे काय रे? डावखुरा कधी झालास?"

"फॅशन आहे. तुला नाही कळायचं."

"उजव्या हातानं पाणी पी बरं."

"मला तहान नाहीये."

"पराग."

"काय शाल्मे, जेवू दे ना!" तो हसला, पण तांब्याला त्यानं हात लावला नाही.

तेवढ्यात तिची शाळेची बॅग हॉलमध्येच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. दोघं परत गेली. हॉल रिकामा, वरचे दिवे मालवलेले, फक्त यंत्रांची घरघर. आणि निळ्या काळोखात, बर्फाच्या डाव्या अंगाला, एक पांढरी अजून पडलेली होती.

बाकी सगळ्या केव्हाच उठून पुसल्या गेल्या होत्या. ही तेवढी राहिली होती. तिची मान एका बाजूला झुकली होती. झोपेत झुकते तशी नव्हे.

शाल्मली कठड्याशीच थांबली. "ही... ही का नाही उठली?"

परागचा डावा हात आपसूक उजव्या खांद्याकडे गेला.

"हात वर कर."

"अगं..."

"उजवा. डोक्याच्या वर. आत्ता."

त्यानं उचलला. खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थरथरत थांबला. मग त्यानं तो डाव्या हातानं धरून हळूच खाली ठेवला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"मे महिन्यापासून," तो म्हणाला. "खांदा खोबणीतून सरकतो. दर वेळी नाही. कधी सरकेल ते मलाच कळत नाही, शाल्मे. एरवी एकदम मस्त असतो, आणि मधेच... नसतोच. आणि तेच तर..."

"तेच तर काय?"

"तेच तर संभवला आवडतं."

म्हणजे ती धीट वगैरे झालेलीच नव्हती. मोडका खांदा होता तो. ती फ्लेक्सवर चढली होती परागच्या दुखण्यावर.

"सांगितलं का नाहीस मला?"

"सांगणारच होतो! पण त्या स्पर्धेत पहिले आलो आणि तू कसली नाचलीस! मग चौकात फ्लेक्स लागला. मग कसं सांगू? ताईंना माहितीये. त्याच पट्टी बांधून देतात रोज. म्हणाल्या, त्यांना आधी थांबवायचंच होतं आपल्याला. पण मग गुण दिसले. एवढी निवड होऊ दे, म्हणाल्या, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनला नेते."

शाल्मली त्याला खूप बोलली. येड्या, मूर्खा, इथपासून सुरुवात करून बरंच काही. पण आता इथे तिचीही एक गोष्ट सांगायला हवी, तिला आवडो न आवडो. बोलून झाल्यावर ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यात तिला जपान दिसलं. तो स्वेटर दिसला. पुण्याच्या त्या मुलीचं तोंड दिसलं. पुन्हा ती आईच्या मागे लपणारी मुलगी व्हायचं? नको. मुळीच नको.

"एकदाच," ती म्हणाली. "रविवारी. आणि मग ऑपरेशन."

पराग तिच्याकडे बघत राहिला. "हं?"

"हं," शाल्मली म्हणाली.

मागे बर्फावर ती पांढरी तशीच पडली होती.

रविवारी सकाळी पार्लरच्या आरशासमोर आई तिचा अंबाडा घालत होती. दातांत पिना धरून बोलायची आईला सवय होती.

"आज तरी बघशील ना गं?" शाल्मलीनं विचारलं.

"बघू."

"सगळ्यांच्या आया बघतात. व्हिडिओ काढतात."

आईनं पिना काढून हातात घेतल्या. "तुला काय वाटतं, मला कौतुक नाही? अगं, तू उतरतेस आणि एकदम सगळीकडे तूच पडलेली दिसतेस. त्यांत उभी कुठली ते शोधायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ मला सोसत नाही." मग तिनं सुटणारी ती बट करकचून खोचली. "हलू नकोस."

शाल्मलीला तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं. तिनं तोंड उघडलंही. पण आई स्प्रे मारत होती, तेव्हा मिटावं लागलं.

निवडीला हॉल खचाखच भरला होता. आणि एक नवलाई होती: संभवची नवी आवृत्ती, जुने सगळे हिशोब पुसून बसवलेली. आता मुलगी उतरल्यानंतर नाही, उडीच्या आधीच पांढऱ्या दिसणार होत्या, दोघांच्याही. जोडी थ्रोसाठी वेग घ्यायला लागली, की समोरचा बर्फ भरत जाणार आणि मुलगी त्यांच्यात उतरणार. लोक त्यासाठीच आले होते. पुण्याच्या जोडीला भरपूर पांढऱ्या निघाल्या, ती मुलगी त्यांच्यामधून सफाईनं उतरली, शिट्ट्यांनी पत्रे हलले. शाल्मली-परागचा क्रम सगळ्यांत शेवटी होता.

सतारीची धून सुरू झाली. पहिली लिफ्ट झाली. डोक्यावर असताना शाल्मलीला परागचा उजवा हात तिच्या कमरेखाली थरथरताना कळत होता, उकळायच्या आधी पातेलं थरथरतं तसा. तरी निभावलं. मग दोघं वळली, वेग घेतला, त्याचे हात तिच्या कमरेला आले, आणि समोरचा बर्फ उजळायला लागला.

कठड्यापासून सुरुवात झाली. एक. अनेक. पांढरं दूध सांडत यावं तशा त्या पसरत आल्या. प्रेक्षकांचा आवाज चढत गेला. एवढ्या पांढऱ्या कोणी कधी बघितल्याच नव्हत्या! निळा बर्फ आक्रसत आक्रसत शेवटी रांगोळीपुरती जागा उरली. तेवढीच एक. तिथे उतरलं, की जपान.

आणि खरं सांगायचं तर, शाल्मलीला ती जागा दिसली. नीट दिसली. तिच्या पायांना ती ओळखू आली. जमेल मला, तिला वाटलं. नक्की जमेल.

"हं?" परागनं कानाशी विचारलं.

तोंडावर आलंच होतं. पण त्या रांगोळीएवढ्या जागेला लागूनच ती होती. त्या सकाळची. मान तशीच झुकलेली. बाकीच्यांच्या मागचे पांढरे पराग हात उघडे टाकून उभे होते. हिच्यापाशी मात्र एक पराग गुडघ्यांवर बसला होता. डावा हात तिच्या डोक्याखाली, उजवा मांडीवर निर्जीव. आणि तो हलत नव्हता. खूप वेळ बसलेलं माणूस बसतं, तसा तो बसला होता.

"हं?" परागनं पुन्हा विचारलं. संगीतातली थ्रोची जागा आली होती.

शाल्मली काहीच बोलली नाही.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हं आलं नाही तर पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. संगीत थ्रोच्या जागेवरून पुढे निघून गेलं. परागचे हात तिच्या कमरेवर तसेच होते, तयार. पण नियम म्हणजे नियम. त्यानं उचललं नाही.

मग तिनं हळूच त्याचा डावा हात हातात घेतला, आणि दोघं जे अगदी पहिल्या आठवड्यात शिकली होती तेच करायला लागली. हात धरून फेरी. एवढंच. निळ्या बर्फावरून, कठड्याच्या कडेकडेनं, नऊ आणि अकरा वर्षांची पोरं घालतात तशी. त्यांच्यापुढे पांढऱ्या उठू लागल्या. एकेक उठायची आणि पुसली जायची. हॉलमधला आवाज विझत गेला. कोणीतरी मागून ओरडलं, "अरे, काय बागेत फिरताय का?" कोणी हसलं नाही. धून संपेपर्यंत दोघं फिरली, थांबली, वाकून नमस्कार केला.

फलकावर त्यांच्या नावापुढे लिहून आलं: जोखीम नाही. नाव घसरत घसरत तळाला गेलं.

शाल्मलीनं प्रेक्षकांत बघितलं. आईची ओढणी मांडीवर होती. आई बघत होती; पण शाल्मलीकडे नाही. तिच्या मागे.

शाल्मली वळली. सगळा बर्फ निळा झाला होता. एक सोडून.

ती पांढरी तिथेच होती. शेजारी गुडघ्यांवर बसलेला तो पांढरा.

संभव चालवणारा माणूस घाईघाईनं बर्फावर आला. त्यानं यंत्र बंद केलं, चालू केलं. आकृती जाऊन परत आली. वृंदाताई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?" त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "थ्रो तर झालाच नाही. ही का जात नाही?"

"थ्रो झाला असता तर काय, तेही संभवनं करून बघितलंय, मॅडम," तो माणूस म्हणाला. "त्यातली ही एक. हिशोब अजून चालू आहे. उठली की आपोआप जाईल."

"आणि उठली नाही तर?"

तो माणूस परत यंत्राकडे वळला. ताईंनी टॅब बर्फावर ठेवला आणि त्या आकृतीशेजारी खाली बसल्या. "शालू," त्या म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे न बघता, त्या पडलेल्या मुलीला. "शालू गं."

तेव्हा शाल्मलीला एक सुचलं. वेडगळच होतं, पण त्या वेळी एवढंच सुचलं. संभवला उठलेली मुलगी बघायची आहे ना? मग दाखवू या.

ती त्या आकृतीत जाऊन आडवी झाली. खांद्यावर खांदा, गुडघ्यावर गुडघा. मान तशीच झुकवली. बर्फ तिथे थंड लागायला हवा होता. पण तो कोमट होता. खालच्या दिव्यांमुळे असेल. वर कोल्ड स्टोरेजचे पत्रे दिसत होते, आणि किती शांत होतं तिथे! घरघर नाही, लोक नाहीत. क्षणभर तिला वाटलं, उठायची काय घाई आहे?

"शाल्मली!" कठड्यावरून आईचा आवाज आला. "ऊठ! ऊठ म्हणते ना!"

पराग तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला, बरोबर त्या पांढऱ्या परागच्या जागी. त्यानं डावा हात पुढे केला.

"हं?"

"हं," शाल्मली म्हणाली आणि उठली.

पायांवर उभी राहून तिनं खाली बघितलं. पांढरी उठली नव्हती.

परागचं ऑपरेशन झालं. आता तो उजव्या हातानं जेवतो आणि पूर्वीपेक्षा जास्त जेवतो. जपानला पुण्याची जोडी गेली. तिथे संभव अजून आहे, अजून लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. ओझरला मात्र वृंदाताईंनी मालकाशी भांडून बर्फ फोडला, खालचा दिव्यांचा पडदा काढून फेकला, आणि नवा निळा रंग देऊन नवा बर्फ धरला. आता तिथे काही उमटत नाही.

शाल्मली दर रविवारी लहान मुलींना शिकवते. पहिला धडा फेरीचा. बर्फाच्या डाव्या अंगाला एका जागी तिथली सगळी मोठी मुलं थोडं वळून जातात, न ठरवता, न बोलता, आणि त्यांचं बघून ज्यांनी कधी काही बघितलंच नाही ती छोटी मुलंही वळतात.

परवा एका नव्या मुलीनं शाल्मलीचा हात ओढला. "ताई, सरळ जाऊ ना! इथे तर काहीच नाहीये."

"वळून जा," शाल्मली म्हणाली.

"पण का?"

शाल्मलीनं तिचा इवलासा हात घट्ट धरला आणि तिला वळणावरून नेलं.

"ती उठली," ती म्हणाली, "की मग सरळ जाऊ."